हरणें आणि घरची फुलबाग



फुलबागेविषयीं बोलावयाचें म्हटलें म्हणजे गुलाबाची छाटणी केव्हां करावी, शेवंतीस खत कोणतें घालावें, मोगऱ्यास ताण किती दिवस द्यावा, असें कांहीं ऐकावयास मिळेल अशी आपली अपेक्षा असणार. परंतु आज ज्या बागेची हकीकत मी सांगणार आहें, तिच्यांतील गुलाबांची छाटणी कित्येक दिवस माझ्या हातून झालीच नाहीं. ती रात्रीं दोन-अडीचच्या सुमारास, कात्रीवांचून आणि मला न विचारतां होत असे. छाटणारीं होतीं शेजारच्या रानांतलीं चितळें. त्यांना दूर ठेवण्याच्या नादांत माझ्या हातून एक मोठी चूक घडली. ती दुसऱ्या कोणाच्या हातून घडूं नये, एवढ्याचसाठीं मीं आज हा विषय घेतला आहे.

नागपूरच्या वायव्येस काटोलच्या रस्त्यानें निघालें कीं गोरेवाड्याचें रान लागतें. तेथील तलाव १९१२ सालीं शहराच्या पाणीपुरवठ्यासाठीं सज्ज करण्यांत आला. त्याच्या भोंवतालचें सुमारें १,९०० हेक्टरांचें जंगल शहरास अगदीं चिकटून असूनही जंगलच राहिलें आहे. २०२१ सालीं त्याच्या एका भागांत मोठें प्राणिसंग्रहालय सुरू झालें. परंतु उरलेल्या रानांत चितळें, रोही, मोर आणि बिबटे आपापल्या मर्जीनें राहतात. गोरेवाडा हें एकच उदाहरण झालें. पश्चिमेस कोंढाळीवरून बोरकडे, उत्तरेस पेंचकडे आणि आग्नेयेस उमरेड-कऱ्हांडल्याकडे अशींच रानें पसरलीं आहेत. नागपूर जसजसें वाढत आहे, तसतशीं नवीं घरें या रानांच्या कडेस जाऊन बसत आहेत. त्यांपैकींच एक घर माझें. नोकरींतून मोकळा झाल्यावर मीं तें बांधलें, आणि त्याच्याभोंवतीं वीसएक गुलाब, तीन जास्वंदी, मोगऱ्याची एक ओळ आणि शेवंतीचे दोन वाफे एवढी बाग केली.

पहिला पावसाळा व हिंवाळा सुखाचे गेले. होळी झाली, आणि एके दिवशीं सकाळीं पाहतों तों गुलाबाच्या एकाही फांदीस कळी नाहीं! जास्वंदीचे नुसते दांडे उरलेले. मला राग आला तो प्रथम शेजारच्या शेळीचा. तिच्या मालकाशीं माझें थोडें वाजलेंही. दुसऱ्या रात्रीं शेळी तिच्या दावणीस होती, आणि शेवंतीचा वाफा मात्र साफ झाला. मऊ मातींत खुरांचे दुभागलेले, टोंकदार ठसे उमटले होते. ते पाहून माझ्या बागेंत काम करणारे म्हातारे माळीबुवा हंसले. मी रागानें म्हणालों, "हीं जनावरें चोर आहेत." ते म्हणाले, "साहेब, त्याले काय ठावं तुमची बाग कोणती अन् रान कोणतं? त्याले हिरवं दिसलं, तो आला."

या एका वाक्यांत सारा प्रश्न सांठविलेला आहे हें तेव्हां माझ्या लक्षांत आलें नाहीं. आपल्याकडचें रान सागाचें, पानगळीचें. चैत्र-वैशाखांत तें करपून उभें असतें. गवत वाळतें, ओढे आटतात, आणि नागपूरचा पारा ४५ अंशांच्या वर जातो. अशा वेळीं कोसभर उजाड मुलखांत एकच कोपरा रोज पाणी पिऊन कोंवळीं पानें काढीत असतो, आणि तो असतो आपल्या दारापुढचा. शेणखत घालून, पाणी देऊन, जुनी फांदी छाटून आपण जो लुसलुशीत कोंब आणतों, तोच हरणास सर्वांत अधिक आवडतो. आमंत्रण आपलेंच असतें. पाहुणा आला म्हणजे मात्र आपण काठी उचलतों.

मीं काठी उचलली. रात्रीं उठून डबे वाजविले. फटाके लावले. दोन-तीन रात्री त्यांचा उपयोग झाला. चौथ्या रात्रीं डबा वाजत असतां एक मादी मान वर करून माझ्याकडे पाहत राहिली, आणि मग तिनें मान खालीं घालून मोगरा खाण्याचें काम पुढें चालू केलें. ज्या कालिदासाचें मेघदूत आपल्या रामटेकशीं जोडलें जातें, त्याच कवीचें शाकुंतल मला त्या दिवसांत वारंवार आठवे. पहिल्याच अंकांत आश्रमाच्या हरणावर बाण सोडूं पाहणाऱ्या दुष्यंतास तपस्वी थांबवितात. त्याच अंकांत शकुंतला झाडांना पाणी घालते, नवमालिकेच्या वेलीस वनज्योत्स्ना म्हणून कौतुक करते. आणि चौथ्या अंकांत ती सासरीं निघते तेव्हां तिनें वाढविलेलें पाडस तिचें वस्त्र ओढतें. त्या पाडसापासून ती वनज्योत्स्ना कशी वांचली, एवढें मात्र कवीनें सांगितलेलें नाहीं.

अखेर मीं तें केलें, जें आजही पुष्कळ ठिकाणीं केलें जातें. मासे धरण्याची जुनी नायलॉनची जाळी बाजारांतून स्वस्तांत आणली, आणि बागेच्या मागच्या बाजूस चार खांबांना सैलशी बांधून दिली. तिला तीक्ष्ण कांटे नव्हते. तिच्यांत वीज नव्हती. आपण कोणास इजा करीत नाहीं, अशी माझी पक्की समजूत होती.

वैशाखांतली रात्र होती. पहांटे पांचास माळीबुवांनीं मला उठविलें. मागच्या बाजूस एका नराचीं शिंगें जाळींत गुरफटलीं होतीं. खांब उपटून आला होता. भोंवतालची जमीन खुरांनीं इतकी उकरली गेली होती कीं तें चितळ तेथें कित्येक तास धडपडत असलें पाहिजे. मीं वनखात्यास कळविलें. त्यांचीं माणसें लवकरच आलीं. त्यांनीं त्याच्या डोळ्यांवर कापड टाकलें, हलक्या हातानें जाळी कापली, आणि सर्वांना दूर व्हावयास सांगितलें. चितळ उठलें, वीसएक पावलें चाललें आणि बसलें. मग तें उठलें नाहीं.

त्याच्या अंगावर जखम म्हणावी अशी एकही नव्हती. आलेल्या पशुवैद्यांनीं मला जें सांगितलें तें मी विसरलों नाहीं. हरणाच्या जातीस अति भय आणि अति धडपड यांमुळेंच मृत्यु येऊं शकतो. स्नायू इतके शिणतात कीं त्यांच्या पेशी फुटूं लागतात. त्यांतील द्रव्यें रक्तांत उतरून मूत्रपिंडें आणि हृदय यांवर आघात करतात. प्राणी सुटतो, आणि सुटल्यावर मरतो. म्हणून हरणामागें कुत्रीं सोडणें, त्यास कोंडून पाठलाग करणें, हेंही मारण्यासारखेंच आहे, मग कुत्र्याचा दांत लागो वा न लागो. माळीबुवा कांहीं बोलले नाहींत. त्यांनीं जाळी गुंडाळली आणि ते नेहमींप्रमाणें गुलाबांना पाणी घालावयास गेले. तें पाणी त्या दिवशीं मला पाहवेना.

त्यानंतर मीं स्वतःस विचारावयाचा प्रश्न बदलला. आलेल्या हरणास कसें घालवावें, असें न विचारतां, त्यानें येऊंच नये अशी बाग कशी रचावी, असें मी विचारूं लागलों. पुढें जें मी सांगणार आहें तें या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर होय.

पहिली गोष्ट ही कीं, नुकसान कोणी केलें तें नीट ओळखावें. चितळास वरच्या जबड्यांत पुढचे दांत नसतात. त्यामुळें तें पान कुरतडीत नाहीं, ओढून तोडतें. उरलेला देठ फाटका, धागे लोंबणारा दिसतो. सशानें कापलेला देठ चाकूनें तिरपा छाटल्यासारखा स्वच्छ असतो, आणि तो जमिनीपासून हात-दीड हाताच्या आंतच असतो. कंदासाठीं माती उकरलेली दिसली तर तें साळिंदराचें किंवा रानडुकराचें काम समजावें. शेळीसही वरचे पुढचे दांत नाहींत, म्हणून माझी फसगत झाली. परंतु शेळी दिवसा येते, चितळें बहुधा संध्याकाळपासून पहांटेपर्यंत येतात. रोही, म्हणजेच नीलगाय, ही गाय नव्हे आणि हरणाच्या कुळांतलीही नव्हे. हरणाचीं शिंगें दरवर्षीं गळून नवीं येतात, रोह्याचीं जन्मभर तींच राहतात. अंगानें तो घोड्याएवढा. त्यामुळें चितळास जें कुंपण पुरतें तें त्याच्या धडकेपुढें टिकेलच असें नाहीं. तो येत असेल तर खांब अधिक जाड आणि अधिक खोल रोवावे लागतात.

दुसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट कुंपणाची. याहून खात्रीचा उपाय दुसरा नाहीं. उघड्या जाळीचें कुंपण असेल तर तें आठ फूट उंच असावें; चार-पांच फुटांचें कुंपण हरिण सहज ओलांडतें. जाळी तारेची, ताठ ओढलेली आणि बारीक घरांची असावी, म्हणजे तींत शिंग किंवा पाडसाचें डोकें अडकणार नाहीं. ती खालीं जमिनीस टेंकलेली असावी, कारण फट दिसली कीं हरिण उडी मारण्यापेक्षां खालून सरपटणें पसंत करतें. वरच्या कांठास कांटेरी तार लावूं नये. उडी चुकली तर तीच तार पोट फाडते. नव्या जाळीस पांढऱ्या चिंध्या बांधाव्या, म्हणजे अंधारांत ती दिसेल. न दिसणारें कुंपण हें कुंपण नव्हे, तो फांसा होय. आपल्या विदर्भांत शेतकरी शेताभोंवतीं जुन्या रंगीत साड्या बांधतात. त्यांतलें मर्म हेंच आहे: वाऱ्यानें हलणारी, डोळ्यांस दिसणारी एक आड. तेवढ्यानें काम कायमचें भागत नाहीं, पण तींत कोणी मरतही नाहीं.

आठ फुटांची जाळी सर्वांना परवडते असें नाहीं. त्यांनीं हरणाचा एक स्वभाव ध्यानांत ठेवावा. तें पलीकडची जमीन पाहून उडी मारतें. जेथें उतरावयाचें ती जागा दिसत नाहीं, किंवा अरुंद असते, तेथें तें कचरतें. म्हणून बांबूचे तट्टे उभे करून सहा फुटांची गच्च आड केली तरी बहुधा पुरते. दुसरी युक्ति अशी कीं, चार-पांच फूट उंचीचीं दोन साधीं कुंपणें एकमेकांपासून चार-पांच फुटांवर घालावीं. दोहोंच्या मधल्या अरुंद जागेंत उडी घेण्याचें धैर्य हरणास होत नाहीं. त्या मधल्या पट्टींत करवंद किंवा कोरांटी लावली तर पुढें तीच कुंपण होते, आणि कोरांटीचीं फुलें देवासही होतात. शिवाय सबंध अंगण कोंडण्याचें कारण नाहीं. माझे वीस गुलाब आणि जास्वंदी आतां एका लहान चौकोनांत आहेत, कुंपण तेवढ्यालाच. एकटें कोंवळें रोप असेल तर त्याच्याभोंवतीं तारेच्या जाळीचें नळकांडें उभें करून जमिनींत घट्ट रोवावें. आणि फाटक! कितीही उत्तम कुंपण घातलें तरी संध्याकाळीं फाटक लावावयास विसरलेल्या माणसाचें रक्षण कोणी करूं शकत नाहीं.

तिसरी गोष्ट झाडांच्या निवडीची आणि जागेची. गुलाब, जास्वंद, शेवंती हीं हरणाचीं पक्वान्नें. तीं घराच्या भिंतीलगत, माणसांच्या वावरांत असावीं. बाहेरच्या रांगेंत ज्यांना उग्र वास किंवा कडू चीक आहे अशीं झाडें लावावीं: तुळस, सब्जा, गवती चहा, सदाफुली. बोगनवेलीचे कांटेही उपयोगीं पडतात. झेंडूच्या वासावर मात्र सर्वस्वीं विसंबूं नये. कण्हेरीस हरिण सहसा तोंड लावीत नाहीं, परंतु ती विषारी आहे. ज्या घरीं लहान मुलें किंवा गाई-शेळ्या आहेत त्यांनीं ती टाळावी. घाणेरी कोणी सुचविली तर ऐकूं नका. ती बागेंतून निघून रान व्यापते, आणि मग हरणांच्या वांट्याचें गवतही नाहींसें होतें. तेव्हां तीं तुमच्याकडे आलीं तर दोष कोणास द्यावयाचा? हेंही सांगतों कीं, भुकेल्या प्राण्यास न खाण्याचें झाड असें कोणतेंच नसतें. वैशाख फार कडक असला तर तो सदाफुलीसही सोडीत नाहीं. निवडीनें भार हलका होतो, कुंपणाची जागा ती घेत नाहीं.

चौथी गोष्ट वासाची. एका लिटर पाण्यांत एक अंडें फेंटून, गाळून, तें पानांवर फवारावें. वाळल्यावर माणसास त्याचा वास फारसा येत नाहीं. हरणास मात्र येतो, आणि कुजक्या मांसासारखा तो वास हिंस्र पशूची आठवण देत असल्यामुळें तें दूर राहतें. दर दोन-तीन आठवड्यांनीं, आणि पाऊस पडल्यास लगेच, फवारा पुन्हां द्यावा लागतो. आमच्या मातोश्रींच्या हयातींत अंडें आमच्या फाटकाच्या आंत आलें नव्हतें, आणि मीही तो पायंडा मोडला नाहीं. मीं निंबोळीच्या तेलाचा फवारा धरला. कडू पान एकदां चघळलें कीं पुष्कळदां पाहुणा दुसरें तोंडांत घेत नाहीं. परंतु एकच वास महिनोन्‌महिने ठेवला तर त्याचीही संवय होते. डबे, फटाके, बुजगावणें आणि दिवे यांची गतही तीच. हीं साधनें चार दिवसांचीं आहेत, कुंपण उभें राहीपर्यंत वेळ काढण्यापुरतीं.

येथपर्यंत काय करावें तें सांगितलें. काय करूं नये, तें याहून थोडें पण याहून महत्त्वाचें आहे. सैल जाळी, फांसा, विष, कुत्रीं, आणि घरांतल्या विजेची उघडी तार, या पांच गोष्टींस हात लावूं नये. माझ्या एका शेजाऱ्यांनीं मला शेवटच्या गोष्टीचा सल्ला अगदीं आपुलकीनें दिला होता. "एक तार सोडा, एका रात्रींत प्रश्न मिटेल," असें ते म्हणाले. प्रश्न कसा मिटतो तें आपल्या भागानें पाहिलें आहे. उमरेड-कऱ्हांडल्याचा जय नांवाचा वाघ देशभर गाजलेला. २०१६ सालीं तो नाहींसा झाला. त्याचा बछडा श्रीनिवास २०१७ च्या एप्रिलांत नागभीडच्या बाजूस शेताभोंवतीं सोडलेल्या विजेच्या तारेस लागून मेला. तार त्याच्यासाठीं नव्हतीच. विजेस चितळ, वाघ आणि पहांटे शेजारून जाणारा गुराखी यांतला भेद कळत नाहीं. शेतांसाठीं सौर कुंपण मिळतें. योग्य यंत्र लावलें तर त्याचा झटका क्षणभराचा असतो व जीव घेत नाहीं. पण वीस गुलाबांसाठीं, मुलें खेळतात त्या अंगणांत, त्याचीही गरज नाहीं.

कायद्याचेंही सांगितलें पाहिजे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यांत शिकार या शब्दाचा अर्थ बंदुकीनें मारणें एवढाच नाहीं. विष घालणें, फांसा लावणें, सांपळ्यांत धरणें, आमिष दाखविणें, इजा करणें, हें सारें शिकारींत मोडतें. मारण्याचा किंवा पकडण्याचा नुसता प्रयत्नही त्यांत मोडतो. प्राणी जखमी वा अडकलेला दिसला तर स्वतः त्याच्याशीं झटापट करूं नये. लोकांना दूर करावें, आवाज बंद करावा, आणि वनखात्यास कळवावें. नागपुरांत सेमिनरी हिल्सवर अशा प्राण्यांवर उपचार करणारें केंद्र २०१५ पासून आहे. आपण शांत राहिलों तर तेथपर्यंत पोंचण्याइतका जीव त्यांच्या अंगांत राहतो.

कोणी विचारील कीं, शेतकऱ्यानें मग काय करावें? त्याचें दुःख मोठें आहे, आणि तें माझ्या गुलाबांच्या पंक्तीस बसवूं नये. रोह्यांचा कळप हरभऱ्यांत शिरला तर त्या घरची वर्षाची मिळकत जाते. थंडीवाऱ्यांत रात्र रात्र शेतावर जागल करणाऱ्या माणसास दयेचे धडे मी घरांत बसून देणार नाहीं. पिकाच्या नुकसानीबद्दल सरकारी भरपाईची तरतूद आहे, आणि ती त्यास वेळेवर व पुरेशी मिळाली पाहिजे. परंतु माझें काय गेलें होतें? कळ्या गेल्या होत्या. जास्वंद नसली तर देवास तगर वाहिली जाते. ज्याचें नुकसान इतकें थोडें, त्यानें उपाय योजतांना दुसऱ्याच्या जिवाचा विचार अधिक केला पाहिजे.

आज माझी बाग पूर्वीपेक्षां लहान आहे. कुंपणाबाहेरच्या दोन वाफ्यांत आतां शेवंती नाहीं, गवती चहा आहे. उन्हाळ्यांत अजूनही पहांटे कधीं कधीं चितळें बांबूच्या तट्ट्यांपर्यंत येतात, नाक लावून पाहतात आणि आल्या वाटेनें परत जातात. माळीबुवा म्हणतात, "पाहून गेले." मी उठत नाहीं.

ज्यांचीं घरें रानाच्या कडेस आहेत त्यांनीं होळीच्या आधींच कुंपणाकडे पाहावें. वैशाखांत तें सुचलें तर उशीर झालेला असतो. आणि आपल्या बागेच्या मागें जुनी नायलॉनची जाळी कोठें सैल लोंबत असेल तर ती उद्यां सकाळीं, पाणी घालण्याच्या आधीं, काढून गुंडाळून ठेवावी, एवढी माझी आपणांस विनंती आहे.